घोरणं, रात्रीची लघवी आणि नाकावरचं यंत्र

या पानावर मी एरवी केळीच्या करप्याबद्दल, कापसाच्या बोंडअळीबद्दल नाहीतर ठिबकच्या खतांबद्दल लिहितो. आजचा विषय पिकाचा नाही, माझ्या घरातला आहे. पण गेल्या दोन वर्षांत बांधावर बसून इतक्या जणांशी यावर बोललो की आता एकदाच नीट लिहून टाकावं असं वाटलं. जळगाव, भुसावळ, यावलकडच्या बऱ्याच घरांत हीच गोष्ट असणार, फक्त तिला नाव दिलेलं नसणार.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. आमच्या असोद्याच्या शिवारात त्या आठवड्यात शेतीच्या लाईनीची पाळी रात्रीची होती. वडील (गावात त्यांना सगळे अप्पा म्हणतात, वय तेव्हा ६३) गव्हाला पाणी भरायला गेले. रात्री एकच्या सुमारास बांधावर टेकले आणि तिथेच झोपले. साधी डुलकी नव्हे, पाणी पायाखालून वाहत होतं तरी जाग नाही. पाणी आमच्या वाफ्यातून फुटून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरलं. सकाळी गावात हसण्यावारी गेलं. "अप्पाले बांधावर गादी टाकून द्या," असं पारावर कोणी तरी म्हणालं. आम्हीही हसलो.

पंधरा दिवसांनी हसू गेलं. भरदिवसा, दुपारी साडेतीन वाजता, जळगावहून मोटारसायकलवर परत येताना अप्पा सरळ रस्त्यावर चारीत गेले. समोर कोणी नव्हतं, खड्डा नव्हता, दारूचा तर प्रश्नच नाही. गळपट्टीचं हाड मोडलं. विचारलं तर म्हणाले, "काय झालं मले समजलंच नही. डोये उघडले तं मी चारीत." मागून ट्रक येत नव्हता एवढंच आमचं नशीब.

हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी बाकी काही न विचारता आईला एकच प्रश्न केला, "हे घोरतात का?" आई म्हणाली, "घोरता का काय विचारता डॉक्टरसाहेब, मी चार वर्सांपासून ओसरीत झोपते." आणि मग तिने जे सांगितलं ते तिने आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो. दहा-पंधरा, कधी वीस-तीस आकडे मोजेपर्यंत काहीच नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा घोरा येतो, अंग हिसकतं आणि पुन्हा गाडी सुरू. "आवाज चालू असला तं मी झोपते. बंद पडला का मले भेव वाटतं," असं ती म्हणाली. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असा समज आहे. माणूस घोरतो म्हणजे सुखी आहे, कष्टाचं खातो. तो समज किती उलटा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सक्शन पाइप चेंबतो तसं

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास अडकणं, असं साध्या मराठीत म्हणू. शेतकऱ्याला हे समजायला अजिबात अवघड नाही. डिझेल इंजिनावर पाणी ओढायचो तेव्हाचा रबरी सक्शन पाइप आठवा. पाइप मऊ पडला असेल आणि फूटव्हॉलला कचरा अडकला असेल तर इंजिन ओढ मारतं, पण पाणी येत नाही, पाइप मात्र आतल्या आत चेंबतो. आपला घसा म्हणजे असाच मऊ पाइप आहे. जागेपणी स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, छाती आत ओढ घेते आणि पाइप चेंबतो. हवा बंद. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तर तो एक झटका धरतात. असे झटके तासाला पाचपेक्षा कमी असतील तर चिंता नाही. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, तिसाच्या वर तीव्र. अप्पांची तपासणी घरीच झाली. बोटाला, नाकाला आणि छातीला लावायचं एक छोटं यंत्र रात्रभर बांधून ठेवलं. आकडा आला तासाला ३८. म्हणजे सात तासांच्या झोपेत अडीचशेहून जास्त वेळा हा माणूस गुदमरून उठत होता आणि सकाळी म्हणत होता, "मी तं पडलो का झोपलो."

हा रोग शहरातल्या जाड माणसांचा, असं कोणी समजू नये. अप्पा लठ्ठ नाहीत. मान तेवढी जाड आहे आणि हनुवटी थोडी आत. आपल्याकडच्या माणसांची जबड्याची ठेवण अशी असते की फार वजन नसतानाही हे होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडकत होता, आणि दिवसा झोप येण्यासारख्या त्रासासकट पूर्ण आजार ७.५ टक्क्यांना होता. ती पाहणी मुंबईची. आपल्या खेड्याचा आकडा तोच असेल असं मी म्हणणार नाही, पण पारावरच्या पंधरा-वीस माणसांत एखाददुसरा असायला हरकत नाही. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. तेव्हा पेपरात सगळ्यांनी वाचलं आणि विसरूनही गेले.

दाब किती, तर ठिबकच्या शंभरावा

यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप नावाचं यंत्र. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही युक्ती काढली आणि १९८१ साली ती वैद्यकीय मासिकात छापून आली. एक छोटा पंखा हवा ढकलतो, नळीतून ती नाकावरच्या मास्कमध्ये येते आणि त्या हवेच्या दाबाने घसा आतून ताणलेला राहतो. पाइप चेंबत नाही. यंत्रात ऑक्सिजन वगैरे काही नसतो, खोलीतलीच हवा असते. गावात पहिल्याच दिवशी "अप्पाले आक्सिजन लागला" अशी बातमी फिरली म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दाब मोजतात तो पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये. आपल्या ठिबकला एक किलो दाब लागतो, म्हणजे दहा मीटर पाण्याचा. अप्पांच्या यंत्राचा दाब डॉक्टरांनी ठरवला साधारण दहा सेंटीमीटर. ठिबकच्या शंभरावा हिस्सा! एवढ्याशा दाबाने माणसाची झोप परत येते, यावर अप्पांचा विश्वास बसेना. पहिल्या रात्री यंत्र लावून ते सलग चार तास झोपले आणि सकाळी आईला म्हणाले, "आज डोकं हलकं आहे." वर्षानुवर्षं रोज सकाळी त्यांचं डोकं जड असायचं आणि ते आम्ही पित्तावर ढकलत होतो.

इथे गोष्ट संपली असती तर लेख लिहायची गरज नव्हती.

मास्क काढला तो परत लावलाच नाही

अप्पांना नऊ वर्षांपासून साखर आहे. रक्तदाबाची गोळी आहे. आणि तीन वर्षांपासून प्रोस्टेटची गोळी, कारण रात्री लघवीला चार-चार वेळा उठावं लागायचं. साठीच्या पुढचा माणूस, त्यात साखर, त्यात प्रोस्टेट. रात्री उठणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. साखरेचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे, आता झोपेचे तिसरे. तिघांच्या फायली तीन पिशव्यांत. एका डॉक्टरला दुसऱ्याची गोळी दाखवायची आपल्याला सवयच नाही. पुन्हा वाटतं, डॉक्टर रागावतील.

यंत्र आणून महिना झाला तरी दिवसाची झोप पूर्ण गेली नव्हती. दुपारी खाटेवर बसल्या बसल्या मान पडायचीच. अप्पा म्हणू लागले, "हे यंत्र म्हन्जे पैसे पान्यात." यंत्र स्वस्त नाही, साधं घेतलं तरी एखाद्या गाईचे पैसे जातात, त्यामुळे बोलणं खायची पाळी माझ्यावर आली. विकणाऱ्याने यंत्र दिलं, बटण दाखवलं आणि गेला. मास्क कसा सोडायचा, कसा जोडायचा, हेही धड सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी यंत्रातलं कार्ड काढून संगणकाला लावलं. त्यात रात्री किती वाजता लावलं, किती वाजता बंद झालं, सगळं नोंदलेलं असतं, विजेच्या मीटरसारखंच. तिथे चोरी पकडली गेली. रोज साडेदहाला यंत्र सुरू, आणि दीड-दोनच्या सुमाराला बंद. त्यानंतर सकाळपर्यंत कोरं. अप्पा पहिल्यांदा लघवीला उठत तेव्हा मास्क काढून परत लावत. दुसऱ्यांदा उठले की कंटाळा. अंधारात पट्टे चाचपडायचे, आईला उठवायचं, त्यापेक्षा राहू दे. यंत्र सरासरी सव्वातीन तास चालत होतं आणि झोप होती सात तासांची.

आता यातली मेख सांगतो. झोप रात्रभर एकसारखी नसते. स्वप्नं पडणारी झोप पहाटेकडे जास्त असते, आणि त्या झोपेत अंगाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात. घशाचेही. म्हणजे श्वास सगळ्यात जास्त अडकायचा तो दोन ते पाचच्या दरम्यान, आणि नेमका तेव्हाच मास्क खुंटीला. पिकाला फुलोऱ्यात पाणी तोडल्यासारखंच झालं ते.

आणि दुसरी मेख पहिलीपेक्षा मोठी. डॉक्टर म्हणाले, "हे रात्री लघवीला उठतात ते फक्त प्रोस्टेटने नाही. श्वास अडकल्यानेही उठतात." मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. घशाचा आणि लघवीचा काय संबंध? त्यांनी समजावलं ते असं. घसा बंद असताना छाती जोर लावून हवा ओढते. त्या ओढीने हृदयाकडे रक्त जास्त खेचलं जातं आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणतात. हृदयाला वाटतं, शरीरात पाणी फार झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडाला हुकूम जातो, पाणी बाहेर टाका. तासाला ३८ वेळा असा खोटा हुकूम गेला तर मूतखळी भरणारच. टाकी भरलेली नसताना फ्लोट बिघडून मोटार चालू राहावी, तसलाच प्रकार.

म्हणजे बघा, लघवीमुळे मास्क निघत होता, आणि मास्क निघाल्यामुळे लघवी वाढत होती. एकाच दुखण्याचा इलाज करत बसलो असतो तर दुसरं त्याला पुन्हा खाली ओढत राहिलं असतं. आम्ही पूर्ण महिनाभर तेच केलं.

मापाचं भांडं आणि आईची वही

डॉक्टरांनी कोणतीही नवी गोळी लिहून दिली नाही. म्हणाले, तीन दिवस लघवी मोजा. वेळ आणि माप, दोन्ही वहीत लिहा. आईने बाजारातून मिलिलिटरच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं आणलं. (फवारणीचं माप यासाठी घेऊ नका आणि हे भांडं फवारणीला नेऊ नका. हसू नका, आमच्या खात्यात राहून मी काय काय पाहिलं आहे ते मला ठाऊक.) आई चौथी शिकलेली, पण वही अशी ठेवली की आमच्या कार्यालयातल्या पीक पेऱ्याच्या नोंदी लाजतील. एका रात्रीचा हिशोब: पावणेबाराला ३५०, दीडला ४००, सव्वातीनला ३८०, सकाळी साडेपाचला ३२०. बेरीज १,४५०. आणि दिवसभरात सगळी मिळून ८५०.

या वहीतून दोन गोष्टी कळतात. प्रोस्टेटचा माणूस वारंवार उठतो, पण बहुधा दर वेळी थोडी थोडी होते, धार बारीक असते, मूतखळी पूर्ण रिकामी झाल्यासारखी वाटत नाही. आणि दर वेळी भांडंभर होत असेल तर मूतखळीचा दोष कमी, रात्री लघवी तयारच जास्त होते आहे. वयस्कर माणसाच्या चोवीस तासांच्या लघवीपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त रात्री होत असेल (सकाळी उठल्यावरची पहिली धरून) तर कारण शोधावं लागतं. अप्पांची २,३०० पैकी १,४५० रात्रीची होती. श्वासाशिवाय आणखी कारणं असतात: साखर वाढलेली, संध्याकाळी पायावर चढलेली सूज, लघवी वाढवणारी गोळी चुकीच्या वेळी घेणं, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार.

वही घेऊन आम्ही तिन्ही डॉक्टरांकडे गेलो, तिन्ही फायली एका पिशवीत घालून. हे काम आधी केलं असतं तर महिना वाचला असता. निघालं असं की रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं आणि अप्पा ती रात्री जेवणानंतर घेत होते, कारण बाकीच्या गोळ्या तेव्हाच असायच्या. डॉक्टरांनी ती सकाळी केली. साखरेच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्याही सकाळीच घ्यायला सांगतात. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये, पण डॉक्टरांना विचारायला पैसे पडत नाहीत.

पायाची सूज हा शेतकऱ्याचा खास मुद्दा. दिवसभर उभं राहून पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झालं की वर चढतं आणि लघवीवाटे निघतं. त्यासाठी दुपारी जेवणानंतर तासभर आडवं होऊन पायाखाली उशी किंवा गोधडीची घडी ठेवायची, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच बाहेर पडतं. आमच्या घरी हा सगळ्यात आवडता उपाय ठरला. मात्र दुपारी डोळा लागला तर तेव्हाही मास्क लावायचा. रात्रीच्या पाळीला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: पहाटे चारला घरी येऊन नऊपर्यंत झोपणार असाल तर यंत्र त्या झोपेलाही लावायचं. यंत्र घड्याळाला नाही, झोपेला बांधलेलं आहे.

रात्री दहाचा चहा बंद केला. हे मात्र भांडण करून करावं लागलं. दिवसाचं पाणी कमी करायचं नाही, उन्हातान्हात काम करणाऱ्याने तर अजिबात नाही. फक्त झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत आवरतं घ्यायचं.

मास्कची गोष्ट सगळ्यात सोपी निघाली. लघवीला उठताना मास्क काढायचाच नसतो! नळी मास्कला जिथे जोडते तिथे एक चाप असतो, तो दाबला की नळी सुटते. मास्क तोंडावर तसाच ठेवून जाऊन यायचं आणि नळी परत अडकवायची. पट्ट्यांना हात लावायचा नाही. महिनाभर ज्यावरून घरात कुरबुर चालली होती ते पाच सेकंदांचं काम होतं. सोबत खाटेच्या पायथ्याशी छोटा दिवा लावला आणि खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवलं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. म्हणून उठल्यावर आधी मिनिटभर खाटेच्या काठावर बसायचं, मग उभं राहायचं. आमच्या भागात खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरलेले म्हातारे विचारून पाहा. किती जण रात्री लघवीला उठताना पडले ते कळेल.

सहा आठवड्यांनी कार्ड पुन्हा काढलं. सरासरी पावणेसहा तास. वहीत रात्रीची लघवी ८००, चोवीस तासांची २,१००. उठणं दोन वेळा, कधी एकदा. पूर्ण गेलं का, तर नाही. प्रोस्टेट आहे ते आहेच, त्याची गोळी चालू आहे. पण चार वेळा उठणं आणि दोन वेळा उठणं यात काय फरक आहे ते दोघांना विचारा.

जोडीची आणखी दुखणी

लघवीच एकटी नाही. ज्यांना रात्री दम्याची उबळ येते, ज्यांचं आम्ल घशाशी येतं, ज्यांना फिट येतात, त्यांचीही श्वास अडकण्याशी अशीच जोडी जमते. अपुऱ्या झोपेने फिट वाढतात, आणि अडकलेल्या श्वासाने झोप अपुरी राहते. आम्लासाठी हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचं नाव घ्यावंच लागेल. असोद्याच्या वांग्याविरुद्ध लिहिलं तर मला गावात पाणी मिळणार नाही. वांग्याचा दोष नाही. पण रात्री अकराला मळ्यात तेलात निथळणारं भरीत, पुऱ्या, त्यात कोणी बाटली काढतो, आणि बाराला आडवं. दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळीचंही तसंच आहे. श्वास अडकणाऱ्या माणसाने झोप येत नाही म्हणून मेडिकलवरून परस्पर गोळी आणणं धोक्याचं आहे. रात्रीची लघवी कमी करणारी गोळीही मिळते, पण वयस्कर माणसात तिने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, तेव्हा ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांना एक इशारा. रात्री घामाने उशी भिजते, घाबरं होतं, तेव्हा ते श्वास अडकल्यानेही असतं आणि साखर एकदम उतरल्यानेही. अंदाज बांधू नका. बोटाला सुई टोचून तेव्हाच साखर पाहा. उतरलेली साखर सकाळची वाट पाहत नाही.

बायकांचं वेगळं लिहायला हवं. संध्याकाळी पडल्या पडल्या पाय तळमळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, उठून चाललं की बरं वाटतं. आपल्याकडे याला अंगमेहनतीचा शीण म्हणतात आणि सून सासूचे पाय चेपत बसते. पुष्कळदा हे शरीरातलं लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि नुसत्या हिमोग्लोबिनवरून ते कळेलच असं नाही. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन नावाची रक्ततपासणी असते. बायकाही घोरतात, पाळी गेल्यानंतर तर जास्तच. पण घरात ते बोलायचं नाही असा दंडक आहे. त्यामुळे बाईचं निदान पुरुषापेक्षा मागे पडतं.

लाईट गेली तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. लाईट गेली तर मास्कमध्ये माणूस गुदमरत नाही. पूर्ण तोंडाच्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. पण इलाज बंद पडतो. पाण्याचं गरम भांडं बंद ठेवलं तर असं यंत्र साधारण ३० ते ६० वॅट खातं. घरातला टीव्हीचा इन्व्हर्टर ते रात्रभर ओढू शकतो, बॅटरी चांगली असली पाहिजे. भांडं वापरायचंच असेल तर त्यात बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या पाण्याने ठिबकच्या तोट्या कशा पांढऱ्या होतात ते तुम्हाला माहीत आहे. डिस्टिल्ड पाणी वापरा आणि भांडं रोज धुवा.

जुनं यंत्र स्वस्तात मिळतं म्हणून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. २०२१ साली फिलिप्स कंपनीने आतल्या फोमचा भुगा पडतो म्हणून आपली लाखो यंत्रं जगभरातून परत मागवली होती. त्यातलं एखादं हातात पडू नये म्हणून मॉडेल आणि अनुक्रमांक आधी तपासून घ्या. दाबही आधीच्या माणसाचा ठरलेला असतो, तो तुम्हाला चालत नाही. दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं होईल.

सरपंच, ग्रामसेवक आणि आरोग्य उपकेंद्रातल्या मंडळींना एक विनंती आहे. उपकेंद्रावर तिशीच्या पुढच्या माणसाचा रक्तदाब आणि साखर तपासतातच. त्याच रांगेत आठ गोष्टी विचारायला दोन मिनिटं लागतात: शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढं घोरता का, दिवसा थकवा किंवा झोप येते का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला का, रक्तदाब आहे का, वजन फार आहे का, वय पन्नासच्या वर आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त आहे का, आणि पुरुष आहे का. तीन किंवा जास्त 'हो' आले तर पुढची तपासणी करून घ्यावी. तिसरा प्रश्न मात्र बायकोला विचारावा. नवऱ्याला विचारून काही उपयोग नाही, तो झोपलेला असतो. आणि जो रात्री तीनदा-चारदा उठतो त्याला, प्रोस्टेटची गोळी आधीच चालू असली तरी, घोरण्याचा प्रश्न विचाराच.

रात्रीच्या लाईनीचा प्रश्न डॉक्टर सोडवू शकत नाहीत. ज्यांच्या शेतात सौर पंप आला त्यांची रात्रपाळी सुटली. आमचा अर्ज भरलेला आहे. तोवर पाणी भरायला मी किंवा धाकटा भाऊ जातो. अप्पांना ते आवडत नाही. वाफा आम्हाला नीट भरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे. मोटारसायकल त्यांनी सात महिने चालवली नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आता पुन्हा जळगावपर्यंत जातात.

आई ओसरीतून घरात आली आहे. यंत्राचा बारीक आवाज येतो, पण तो सारखा येतो, मध्येच बंद पडत नाही. परवा फिल्टर काढून पाहिला तर गव्हाच्या मळणीच्या धुळीने काळा पडलेला. महिन्याने बदलायचा तो पंधरा दिवसांतच बदलावा लागला.